शिसवीचा उमाळा

दाजी गावकरांनी माझ्या घरचा धोंडा बांधातून उपसला, तेव्हा ऊन नुकतंच काजीच्या झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं आणि अख्खा गाव नदीत उभा होता. नदीत म्हणायचं आपलं. पौषातली शिसवी एरवी गुडघ्याला लागायची. त्या दिवशी बायकांच्या नेसणाची कड भिजत नव्हती.

"हो धोंडो आजपासून हंय नको," दाजी म्हणाले. वाकून, दोन्ही हातांनी, देवाचा मुखवटा उचलावा तसा त्यांनी तो काढला आणि काठावर ठेवला. फेकला नाही. फेकला असता तर मला रागावता तरी आलं असतं.

"कित्याक?" मी विचारलं.

"कित्याक? तुझ्या दारातलो डोह भरलेलो, आणि पाटाक पाणी नाय. आमची पोफळ वाळान चललीहत. हेच्यापेक्षा आणखी काय सांगू?"

"डोह पुरानं खणलो, दाजीनू. मी नाय खणूक. त्यातला पाणी उभा आसा, चलणारा नाय. येवन बघा."

"बघलंव," मागून कुणीतरी म्हणालं. "पाटाची फळी कोणाच्या हातात आसा तीय बघलंव."

कुणीतरी हसलं. 

आडवण गावची रीत अशी होती. दसरा सरला, नदीचा जोर ओसरला की शिसवीवर बांध घालायचा. दगड, माती, ऐनाच्या फांद्या. बांधानं पाणी उचलायचं, पाटात ढकलायचं आणि पाटानं ते पोफळीच्या बागांना, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी, भाताला, थेट वैशाखापर्यंत पोचवायचं. बांधात प्रत्येक घराचा एक धोंडा. घरच्या बाईनं त्याला हळदकुंकू लावायचं, घरच्या पुरुषानं तो बसवायचा. पावसाळ्यात नदी सगळे धोंडे वाहून नेई, आणि दसऱ्यानंतर माणसं खालच्या अंगाला आपापला धोंडा शोधत हिंडत. चुकलेलं वासरू ओळखावं तसा जो तो आपला ओळखे. ज्याचा धोंडा बांधात, त्याचं पाणी पाटात, आणि तो गावाचा. ज्याचा नाही, तो कुणाचा नाही.

आमचं घर बांधाच्या वरच्या अंगाला, एकटं. पाटाचं तोंड आमच्या दारात. तोंडावरची फळी वरखाली करायची, सकाळी अडकलेला पातेरा, वाळका पाला, काढायचा, हे काम आमच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या होतं. माझा नवरा बाबली गोव्याला मासेमारीच्या बोटीवर होता. पावसाळ्याला यायचा, नारळी पुनवेला जायचा. म्हणून फळी माझ्या हातात. आणि म्हणून त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

"माझो घोव हंय असतो तर तुमची जीभ अशी चलली नसती," मी म्हटलं.

"बायलमाणसाबरोबर वाद घालूक मी येवक नाय, भामे," दाजी म्हणाले. "तू पाणी सोड. ज्या दिवशी पाट भरतलो, त्या दिवशी तुझो धोंडो मी स्वतः डोक्यावरसून आणतंय. तोपर्यंत तुझ्या दारात कोण येवचो नाय, तूय कोणाच्या दारात जावचा नाय."

मी शालनकडे बघितलं. शालन आणि मी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. पहिल्या श्रावणात दोघी एकाच केळीच्या पानावर फुगडीनंतरचं जेवण जेवलो होतो. तिची बाग पाटाच्या अगदी शेपटाला. पोफळीचं एकेक रोप तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं. पाणी कमी पडलं तर सगळ्यांत आधी तिचंच वाळणार. ती काठावर उभी होती, पदर तोंडात धरून. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली ओल्या रेतीकडे, आणि मग वळून चालू लागली.

धोंडा मीच उचलून घरी आणला. अंगणात तुळशीपाशी ठेवला. आत आले आणि चूल पेटवायची विसरले.

*

एकटेपणाची मला सवय होती. बाबली नसायचा, मूलबाळ नव्हतं. पण ती सवय वेगळी. बाई एकटी असली तरी तिच्या दारावरून बोलणं वाहत असतं. गवत न्यायला आलेली बाई उगाच हाक मारते, "भामे, जेवलंस गो?" उत्तराची वाटसुद्धा बघत नाही, पुढं जाते. तेवढ्यावर दिवस निघतो. आता बायका नदीवर यायच्या त्या खालच्या वळणावर. त्यांची धुणी आपटल्याचा आवाज यायचा, बोलणं यायचं नाही. एकदा दुकानात गेले तर दुकानदारानं मीठ मोजून फळीवर ठेवलं, हातात दिलं नाही.

मी जात्यावर बसायचे. दळण नसलं तरी बसायचे. माझी आई वरच्या डोंगरातल्या वाडीतली. तिच्याकडून आलेल्या ओव्या तेवढ्या माझ्याशी बोलत होत्या.

डोंगर माझा बाप, पाऊस ठेवी पोटी,
चैत्राच्या उन्हात लेकीची भरी ओटी.

लेक म्हणजे नदी. आईनं मला लहानपणी ही ओवी नुसती म्हणून दाखवली नव्हती, हात धरून दाखवली होती. आमच्या वाडीच्या वर, राईच्या मधोमध, एका कातळाखालून शिसवीचा उमाळा, म्हणजे झरा, निघायचा. चैत्रात जायचं. राईत पातेरा एवढा की पाय ठेवला तर पोटरीपर्यंत आत. वरून उन्हानं कडकडीत, पण हात घातला की आत ओल. आई म्हणायची, "बघ, बापसान पावसाळ्यातला राखून ठेवल्यान." वाडी पुढं उठली, माणसं पोटामागं पांगली, आईही गेली. मी लग्न होऊन खाली आले. पण नदी तिथूनच यायची. माझ्या माहेराहून रोज कुणीतरी माझ्या दारावरून जातंय, असं मला वाटायचं.

म्हणूनच मला त्या वर्षीच्या नदीचं काही कळत नव्हतं. आधी आषाढ कोरडा गेला. पूर्वी पाऊस लागला की पंधरा-पंधरा दिवस झड असायची, भिंतींना बुरा यायचा, माणूस कंटाळून पावसाला शिव्या घालायचा. त्या वर्षी शिव्या घालायलाही पाऊस नव्हता. मग नारळी पुनवेच्या सुमारास, महिनाभराचा राहिलेला पाऊस जणू एका दमात ओतला. रात्रीत नदी गोठ्यापर्यंत आली. आणि रंग कसला! आजवर शिसवी पुरात गढूळ व्हायची, चहासारखी. त्या वर्षी ती लाल आली, दाट, मळवट भरलेल्या बाईसारखी. दारापुढं तिनं डोह खणला, खालच्या मळ्यांवर तांबड्या मातीचा थर टाकला. आणि गणपती विसर्जनाला गेलो तर मूर्ती बुडेल एवढं पाणी शोधत हिंडावं लागलं. एवढी आली होती, ती गेली कुठं?

गावालाही तोच प्रश्न होता. गावानं उत्तर सोपं शोधलं. मी.

*

एका सकाळी मी भाकरी बांधून घेतली, दाराला कडी घातली आणि नदीच्या पात्रातूनच वर चालू लागले. पाणी गेलंय ते कुठंतरी गेलं असेल. वर कुणी पाट फोडला असेल, पंप लावला असेल, नाहीतर एखादी दरड आडवी आली असेल. जे असेल ते डोळ्यांनी बघायचं, आणि गावाला नेऊन दाखवायचं.

दुसऱ्या वळणावर मागून दगड सरकल्याचा आवाज आला. वळून बघते तर शालन. डोकीला फडकं, कमरेला कोयती.

"खंय चललंस?" तिनं लांबूनच विचारलं.

"पाणी शोधूक."

"चोरच चोराक शोधूक चललो म्हणायचो!"

"आणि तूय कित्याक इलंस?"

"तू खंय जाऊन पाणी फोडतंस ता बघूक."

"बघ. डोळे भरान बघ." मी पुढं चालू लागले. "पण लांबसून चल. माझी सावली पडली तर दाजी तुझोय धोंडो उपटतले."

 पण ती लांबून चालली नाही. थोड्या वेळानं तिचा श्वास माझ्या पाठीशी ऐकू येऊ लागला. शालनला लहानपणापासून दम्याचा त्रास. चढ लागला की छातीत सनई वाजायची.

"बस वायच," मी म्हटलं.

"नको. माका दया दाखवू नको."

"दया खंय दाखवतंय? तू हंय मेलंस तर तीय माझ्याच नावावर लागात."

तिला हसू आलं. तिनं ते गिळलं, पण मला दिसलं. आम्ही एका कातळावर टेकलो, मध्ये हातभर अंतर ठेवून. मी भाकरी सोडली, अर्धी तिच्या बाजूला ठेवली. तिनं आधी नदीकडे बघितलं, मग डोंगराकडे, मग भाकरी उचलली.

"मधू म्हणता," ती नवऱ्याबद्दल चावता चावता म्हणाली, कुणाला सांगत नसल्यासारखी, "माघापर्यंत पाणी येवक नाय तर बाग तोडूया आणि वसईक जाऊया. तेचो भाव थंय आसा. खोली बघून ठेवल्यान."

"आणि तू?"

"मी काय? मी पोफळीबरोबर लगीन थोडाच केलंय." आणि मग तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "फुटाफुटाची रोपा होती गो. उन्हात माझ्या अंगावरचा लुगडा त्यांच्यावर धरून बसलंय मी. आता शेंडे पिवळे पडले. सकाळी उठान बघूक भय वाटता."

 माझ्यावर तिचा राग होता तोच बरा होता असं मला वाटलं. रागाला बोलता येतं.

पुढं चालताना आम्ही दोघी पाण्याकडेच बघत होतो. कुठं पंप नव्हता, पाट नव्हता. ज्या डबक्यात आम्ही पाणी वाहतंय समजायचो, ते नुसतं साचलेलं. त्याच्या वर रेती, मग पुन्हा एक डबकं, त्यात मासळी दाटीवाटीनं तोंडं वर काढून. त्याही वर नुसते दगड, पांढरे, भाजलेले. दोन्ही काठांची माती खरवडून गेलेली. झाडांची मुळं हवेत लोंबत होती. जितकं वर जावं तितकं पाणी वाढायला हवं होतं, कारण आपण चोराच्या वर जात होतो. पण ते कमीच होत गेलं.

"भामे," शालन थांबली. आवाज बदलला होता. "चोर आणखी किती वर आसात?"

"उमाळ्यापर्यंत जाऊया."

"उमाळ्यार कोण चोरी करतलो? थंय तर काळोख. राई."

"तेच."

वळण संपलं आणि राई यायला हवी होती.

मी जन्मले त्या डोंगराला मी ओळखलं नाही. डोळे चोळले. चुकून दुसऱ्या ओढ्यानं वर आलो का, असं वाटून मागं बघितलं. नाही, समोर तो बैलाच्या पाठीसारखा कातळ होता, ज्यावर बसून आई माझ्या केसांतल्या उवा बघायची. कातळ तोच, भोवती काहीच नव्हतं. सबंध डोंगर भादरलेला, तांबडा, उघडा. जेसीबीनं अंगावर एकाखाली एक पायऱ्या ओढलेल्या, आणि त्या पायऱ्यांवर ओळीनं, शाळेतल्या पोरांसारखी, रबराची हातभर रोपं. जळक्या खोडांचे बुंधे. पावसानं पायऱ्यांना चिरे पाडले होते, हात आत जाईल एवढे. पातेऱ्याचं एक पानसुद्धा नाही. वारा आला की तांबडी धूळ उठायची आणि आमच्याच अंगावर बसायची.

"गे बाय माझे," शालन म्हणाली.

मी कातळाखाली गेले. उमाळ्याची जागा होती. दगडाला शेवाळ्याचा काळा डाग होता, वाळून पोपडे आलेला. मी हात घातला. ऊन लागलं बोटांना, दगड इतका तापला होता. शालन आली, गुडघ्यावर बसली, कोयतीनं माती उकरू लागली. आधी सावकाश, मग घाईनं, मग कोयती टाकून दोन्ही हातांनी, मांजर उकरतं तसं.

"ऱ्हांव दे गो," मी म्हटलं.

"हंय होता. मी लग्नानंतर तुझ्याबरोबर इल्लंय, हंयच ओंजळ भरान पिल्लंय. हंयच होता!"

"शाले, नखा तुटतली."

ती थांबली. हात मांडीवर ठेवून बसली. बोटं तांबडी झाली होती. माती कुठली आणि रक्त कुठलं कळत नव्हतं.

"डोंगर झाडांसकट विकलो ती खबर होती," ती म्हणाली. "सामायिक डोंगर. सगळ्यांच्याच सह्या घेतल्यानी. मधूनंय केल्यान. तुझ्या घोवानंय?"

"हो. आदल्या सालच्या पावसाळ्यात इल्लो तेव्हा."

"दाजींनी सगळ्यांच्या आधी. देवळात बसान. काय म्हणाले आठवता? 'डोंगर विकतंव, नदी खंय विकतंव? नदी तर खाली आपल्या दारात आसा.'"

मला आठवत होतं. त्या दिवशी कुणालाच ते बोलणं खुळ्यासारखं वाटलं नव्हतं. डोंगर वर, पडीक, गुरांशिवाय कुणी जात नसे. नदी खाली, आपली, आपल्या धोंड्यांनी बांधलेली. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हे ओवीत म्हणायला आम्हाला येत होतं, सही करताना येत नव्हतं. कुंपण पडल्यावर वर कुणी फिरकलंही नव्हतं.

आता पावसाचा घोट कुणी घ्यावा? आला की तो उघड्या अंगावरून धावत सुटायचा, माती घेऊन, लाल होऊन, एका दमात समुद्रापर्यंत. पोटात ठेवायला पोट राहिलं नव्हतं.

शालन बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भामे, तू चोरला असतंस तर बरा झाला असता गो."

मी तिच्याकडे बघितलं.

"खरा सांगतंय. तू चोर असतंस तर तुझ्या पायार डोका ठेवून मागून घेतला असता. शिव्या घालून घेतला असता. कोणाकडनाय परत घेवक येता." तिनं समोरच्या डोंगराकडे हात केला. "हेच्याकडना काय मागतलंय?"

*

उतरताना तिनं माझा हात धरला होता. तो चढताना लागत नाही, उतरताना लागतो. बांध दिसायला लागला तशी ती थांबली.

"सांगू नको," ती म्हणाली.

"काय?"

"वरचा. कोणाक सांगू नको. तू म्हण, मीच अडवलंय होता, चुकलंय, आता सोडतंय. डोहातला पाणी चार दिवस पाटात जाईत. पाट वला झालो की मधू गप ऱ्हवतलो. माघ जातलो. मग पुढचा पुढे. माणसा ऱ्हवतली गो. आशेन ऱ्हवतली."

"आणि मी?"

"तुझ्याकडे मी येयन. लपान येयन. रोज येयन." तिचे डोळे भरले होते. "गाव नाय बोललो तरी मी बोलतलंय मगो."

मला अजूनही तो क्षण तसाच आठवतो. ऊन कलतं होतं, खाली बांधावर माणसं जमली होती. आम्ही दोघी वर गेल्याचं कुणीतरी बघून सांगितलं असणार. दाजी काठीवर हनुवटी टेकवून उभे होते. मधू बाजूला विडी ओढत होता. सगळे आमच्याकडे बघत होते आणि त्या नजरेत, मला आता कळतं, राग नव्हता. वाट होती. डॉक्टर बाहेर आल्यावर घरची माणसं बघतात तशी.

खोटं बोलले असते तर शालन राहिली असती, बोलली असती. खरं बोलले असते तर धोंडा बांधात गेला असता. दोन्ही मला हवं होतं. कुठलं जास्त, हे मला ठरवता येईना. 

"तू सांग," मी शालनला म्हटलं. "तुका वाटता ता सांग. तू जा सांगशील ता मी खरा म्हणान."

तिनं माझा हात सोडला. ती पुढं झाली. बांधावर चढली. त्या उंचीवर उभी राहून तिनं एकदा आपल्या बागेच्या दिशेला बघितलं. तिथून पोफळीचे शेंडे दिसायचे, पिवळे का असेनात.

"काय गो," दाजी म्हणाले, "गावलो चोर?"

शालननं तोंड उघडलं, मिटलं. मग तिनं दोन्ही हात पुढं केले, पंजे उताणे, तुटक्या नखांचे, तांबड्या मातीचे.

"भामीन पाणी अडवक नाय," ती म्हणाली. "पाणीच नाय. उमाळो सुकलो. मी हातान उकरलंय. वर डोंगर नाय ऱ्हवलो, दाजीनू. तुम्ही विकलास तो डोंगर. आमी विकलंव तो."

 मधूनं विडी खाली टाकली, चपलेनं विझवली. पुन्हा पुन्हा विझवत राहिला.

"डोंगर विकलो," दाजी हळूच म्हणाले, "पाणी खंय विकल्लंव?" पण ते कुणाला विचारत नव्हते. काठी टेकत ते बांधाच्या कडेला गेले, खाली वाकले, पाटाच्या तोंडाशी जिथं पाण्याची बोटभर धार होती तिथं हात धरला आणि उभे राहिले. धार त्यांच्या तळव्यात मावत होती. बराच वेळ त्यांनी ती तशी धरून ठेवली, सांडू द्यायची नाही अशी.

मग एकेक माणूस निघून गेला. जाताना एक म्हातारी माझ्यापाशी थांबली, माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "जेवलंस गो?" मी मान हलवली. नाही, की हो, ते मलाच कळलं नाही.

*

माघात मधूनं बाग तोडली. शालन त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसली, कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून जातं ओढत राहिली. दळायला काही नव्हतं. ती ओवी म्हणायला लागली, मधेच थांबली, मग स्वतःच्याच मनानं पुढं जोडलं:

डोंगर माझा बाप, डोक्याचं पागोटं गेलं,
लेकीला द्यायाला पोटात काय उरलं?

फाल्गुनात ती वसईला गेली. जाताना घराची चावी माझ्या हातात देऊन गेली.

पुढल्या वर्षी बांध घातला, पण पौषातच पाट सुकला. त्याच्या पुढल्या वर्षी अर्धाच घातला. मग कुणी धोंडे शोधायला गेलं नाही. वाकड्यातिकड्या पावसाची सवय झाली: आला तर घर घेऊन जाईल एवढा, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल इतकासुद्धा नाही. माणसं गेली, एकेका घरातली, मग सबंध घरं. बाबली बोट सोडून घरी आला, थोडी वर्षं ओसरीवर खोकत बसला, आणि गेला.

आणि गंमत अशी की जाणारा प्रत्येक जण चावी माझ्याकडे ठेवून जायचा. पाण्याची चोर म्हणून जिच्या दारात यायचं नव्हतं, तिच्या खुंटीवर आता गावच्या चाव्या लोंबतात. पावसाळ्यात मी घरोघर जाऊन दारं उघडते, वारा खेळवते, ओल पुसते. दाजी सगळ्यांच्या शेवटी गेले, ठाण्याला मुलाकडे. गाडी उभी होती, मुलगा हॉर्न वाजवत होता. त्यांनी चावी दिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"कुलूप गंजलाहा," ते म्हणाले. "वायच तेल घाल."

"घालतंय, दाजीनू."

"तुका भय नाय वाटत एकटीक?"

"सवय आसा," मी म्हटलं.

ते गाडीत बसले. काच वर करेपर्यंत माझ्याकडेच बघत होते.

शालनचा मात्र फोन येतो. पाऊस लागला की नक्की येतो. "बाय इली?" एवढंच विचारते. मी म्हणते, "इली." मग ती म्हणते, "ऐकव." मी फोन हातात धरून अंगणाच्या कडेला जाते, हात लांब करते. शिसवी लाल होऊन गरजत जात असते, आणि तिकडे वसईत, चौथ्या मजल्यावर, शालन ती ऐकत असते. बोलत नाही. छातीतली सनई तेवढी मला ऐकू येते.

या पौषात तिचा फोन आला. तब्येत बरी नव्हती, आवाजावरून कळत होतं.

"ऐकव गो," ती म्हणाली.

"खुळी काय? पौष चललो. काय ऐकवू?"

"पात्रात जा तरी."

मी गेले. पाटाच्या जुन्या तोंडापाशी, दगडांवर बसले. ऊन होतं, वाराही नव्हता. एक टिटवी लांब ओरडली आणि ती पण गप्प झाली. मी फोन समोर धरला. तो रिकाम्या नदीवर हात लांब करून धरताना मला माझंच हसू येत होतं, आणि खाली घ्यावासाही वाटत नव्हता.

"ऐकाक येता?" मी विचारलं.

"नाय."

"सांगलंय होता."

 मला वाटलं फोन तुटला.

"मगे तू बोल," शालन म्हणाली. "कायव बोल. मी ऐकतंय."

मी काय बोलू म्हटलं. काहीही, ती म्हणाली. मग मी बोलायला लागले. फणसाला यंदा कोवळे कोके लवकर लागले. तुझ्या घराच्या मागल्या पडवीत मुंगुसानं पिल्लं घातली, हाकलली नाहीत, असू देत. दाजींच्या कुलपाला तेल घातलं. सूर्य काजीच्या मागं जाईपर्यंत मी त्या कोरड्या पात्रात बसून बोलत राहिले, आणि तिच्या छातीतली सनई मला सांगत होती की ती अजून ऐकतेय.